घर क्रमांक सतरा

प्रश्न तिचाच होता. शब्द न् शब्द तिचा, मधे श्वास घेण्यापुरतं थांबणंसुद्धा तिचंच. पिवळं जाकीट घातलेल्या विक्रेत्या मुलीनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, मान थोडी कलती केली आणि ताईला विचारलं, "ही वस्तू तुमच्या घरात नसती, तर तुम्ही कोण नसता?" आणि वर्गात सगळ्यांच्या वह्या तपासणाऱ्या बाईंची स्वतःचीच वही कुणीतरी सगळ्यांसमोर उघडावी तसं छोटीला झालं. ताई मात्र खळखळून हसली. "मी कोण नसते? अगं बाई, मी उभीच नसते! गुडघ्यांनी संप पुकारलाय माझ्या. बसलं की कुणाचा हात न धरता उठता येईल अशी उंच खुर्ची हवी, बास. माझं कोण असणं-नसणं त्या खुर्चीला कशाला विचारतेस?" मुलगी ओशाळली. "मावशी, आम्हाला असंच विचारायला शिकवलंय. ट्रेनिंगमध्ये पाठ करून घेतात." "पाठ करून घेतात म्हणे," ताई धाकट्या बहिणीकडे वळून म्हणाली, "ऐकलंस का छोटे? तुझ्या कॉलेजसारखंच आहे की इथे." छोटी एकसष्ट वर्षांची होती, दोन वर्षांपूर्वी समाजशास्त्राच्या प्राध्यापक पदावरून निवृत्त झाली होती, आणि चाळीस घरांच्या आपल्या गाजलेल्या अभ्यासातला हा प्रश्न तिनं एकतीस वर्षांपूर्वी, एका बसस्टॉपवर, तिकिटाच्या मागे लिहून काढला होता.  दुकानाच्या छतातून गार हवा येत होती आणि कुणीतरी मानेमागे उभं राहून वाचतंय असं तिला वाटत होतं.

ते वाटणं नवीन नव्हतं. खरं तर ते इतकं जुनं होतं की तिनं त्याच्याशी जवळजवळ संसार केला होता. लग्न काही तिनं केलं नाही, पण एक बाई तिच्याबरोबर आयुष्यभर राहिली, ती म्हणजे सतरा नंबरच्या घरातली बाई. चाळीस घरं निवडायची, प्रत्येक घरात एक आख्खा दिवस बसायचं, घरातली वस्तू न् वस्तू लिहून काढायची, चमच्यापासून कपाटापर्यंत. कुठून आली, केव्हा आली, शेवटचा हात केव्हा लागला. कशालाही स्पर्श करायचा नाही. आणि 'का' विचारायचं नाही, कधीही नाही, कारण 'का' विचारलं की माणसं एकदम शहाणी होतात आणि शहाणी माणसं खोटं बोलतात. ही पद्धत तिची होती आणि तिच्यावर तिचा भारी जीव होता. त्या चाळीस घरांतून पुस्तक निघालं, पुस्तकातून एक कल्पना निघाली, आणि त्या कल्पनेवर तिची तीस वर्षं, जिना चढावा तशी, पायरी पायरीनं वर गेली: गैरहजर ग्राहक. म्हणजे काय, तर बाजार समोर उभ्या असलेल्या माणसाला काही विकतच नाही. तो विकतो अजून न आलेल्या माणसाला. आपणच, पण बारीक झालेले. आपणच, पण पहाटे उठून पळायला जाणारे. आपणच, पण घरी बारा पाहुणे येणारे. आपण त्या न आलेल्या माणसाचे हमाल, त्याचं सामान उचलून घरी आणून ठेवतो आणि तो यायची वाट बघतो. तो येत नाही. म्हणून आणखी आणतो. हे वाक्य ती सभागृहात म्हणायची तेव्हा लोक आधी हसायचे, मग गप्प व्हायचे, आणि मग प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, कुणीतरी एक विद्यार्थिनी हात वर करून विचारायची, "मॅडम, सतरा नंबरच्या बाईंचं पुढे काय झालं?" आणि ती म्हणायची, "अभ्यास तिथे संपतो." टाळ्या. पुढचा प्रश्न.

सतरा नंबरच्या घरात अकरा खोकी होती. एका लहानशा खोलीतल्या आरशाच्या कपाटात, एकावर एक, दोऱ्या न कापलेली, टपालाचे शिक्के तसेच. त्या घरात मूल नव्हतं. त्यातल्या एका खोक्यावर लिहिलं होतं, लहान मुलांच्या खोलीतला दिवा. बास, एवढ्यावर पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण उभं राहिलं. न जन्मलेल्या मुलासाठी खरेदी करणारी बाई! गैरहजर ग्राहक म्हणजे दुसरं काय असतं? ते प्रकरण पुढे अभ्यासक्रमाला लागलं, दर वर्षी दीड-दोनशे मुलं त्याच्यावर टिपणं लिहायला लागली, आणि एकाही मुलाला, एकाही सहकाऱ्याला, चाळीस म्हणजे चाळीसच घरं झाली पाहिजेत असं टेबलावर बोट आपटून सांगणाऱ्या मार्गदर्शक सरांनाही हे कधी कळलं नाही, की सतराव्या घरातल्या कुटुंबाची ऐन वेळी बदली झाली होती, अहवालाला तीन दिवस उरले होते, आणि ती पाठीवर पिशवी टाकून गावाच्या दुसऱ्या टोकाला ताईच्या सासरी जाऊन बसली होती.

"या लाल खुर्चीवर बसून बघा ना मावशी." "लाल नको गं. लाल खुर्चीवर बसलं की सिनेमा सुरू होणार असं वाटतं." मुलगी आता मनापासून हसत होती. ताईचं हे असं होतं, कुठेही गेली की दहा मिनिटांत तिथली होऊन जायची. दोन महिन्यांपूर्वी मेव्हणे गेल्यावर ती छोटीच्या घरी आली तेव्हाही पहिल्याच दिवशी खालच्या मजल्यावरचे सगळे तिला ओळखायला लागले, जिथे छोटी बावीस वर्षं राहत होती आणि लिफ्टमध्ये घड्याळाकडे बघत होती. पण ताईनं बॅग अजून पूर्ण उपसली नव्हती. "बघू," म्हणायची, "चार दिवस राहते, मग बघू." छोटीला त्या 'बघू'ची भीती वाटायची. एकटीनं जेवायची सवय सुटायला तिला एक आठवडा पुरला होता. म्हणून ही खुर्ची. खुर्ची घरात आली, खिडकीशी ठेवली, ताईच्या गुडघ्यांच्या मापाची, की ताई राहील असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि आपण स्वतः चाळीस घरांत जे टिपून घेतलं तेच आता भर दुपारी दुकानात येऊन करतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही.

ताई घरी आल्यापासून सतरा नंबरची बाई मात्र बिथरली होती. इतकी वर्षं छोटीनं दोघींना दोन वेगळ्या खोल्यांत ठेवलं होतं. ताई म्हणजे ताई, भांडणारी, पत्र लिहिणारी, फोनवर आधी "जेवलीस का" विचारणारी. आणि ती दुसरी, जिला चेहरा नव्हता, फक्त वय छत्तीस, शिक्षण अकरावी, खोकी अकरा. पुस्तक छापून आलं तेव्हा तिनं ते ताईला पाठवलंच नाही. "इंग्रजीत आहे गं, आणि फार कंटाळवाणं," असं म्हणाली. पण आता ताई स्वयंपाकघरात गुणगुणत असताना आतल्या खोलीत कपाटाचं दार हळूच लागल्यासारखं व्हायचं. ताई बाहेरून हाक मारायची आणि आतून कुणीतरी त्या हाकेला ओ द्यायच्या आत श्वास घ्यायचं. एकदा तर आरशासमोर केस विंचरणारी ताई आणि आरशातली बाई, दोघी एकाच वेळी हलल्या नाहीत, असं तिला स्पष्ट दिसलं होतं. चष्मा बदलायला हवा, असं छोटी तेव्हा स्वतःशी म्हणाली होती.

"मावशी, पुढे खोल्या लावल्यात, तिथे बसून बघा. घरात कशी दिसेल ते कळतं." आणि मुलगी ताईला घेऊन पुढे निघाली. दुकानाच्या त्या भागात खोल्याच खोल्या होत्या, प्रत्येकीला तीनच भिंती, चौथ्या भिंतीच्या जागी जमिनीवर एक पांढरी पट्टी. दिवाणखाना, अभ्यासिका, झोपायची खोली, सगळीकडे दिवे लागलेले, उशांवर हात फिरवलेले, जणू माणसं आत्ता चहा टाकायला उठून गेलीत. छोटीला आठवलं, गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं होतं. तो आता याच कंपनीत ग्राहकांचा अभ्यास करायचा. 'मॅडम, तुमची प्रश्नावली आणि पुस्तकातलं काही साहित्य वापरायला परवानगी द्यावी, तुमचे विचार लोकांपर्यंत पोचतील.' विचार लोकांपर्यंत पोचतील! तिनं पुढचं वाचलंच नव्हतं. निवृत्त माणसाला कुणी मॅडम म्हटलं की त्याची सही फार लवकर होते.

शेवटची खोली लहान मुलाची होती. पट्टीच्या अलीकडूनच तिनं ती ओळखली. खिडकी डाव्या हाताला. आरशाचं कपाट खिडकीसमोर, दार अर्धवट उघडं, आत रंगीत कागदांत बांधलेली खोकी, एकावर एक. तिनं मोजली नाहीत, मोजायची गरज नव्हती. लहानसा पलंग, ढगाच्या आकाराचा दिवा, एक स्टूल, दोन खुर्च्या. वर मोठ्या गोल अक्षरांत: 'येणाऱ्याची खोली. तो येण्याआधी तयार ठेवा.' ज्या प्रकरणाला ती इशारा समजत होती त्याची त्यांनी हसत हसत पाटी केली होती. पण तिचं लक्ष पाटीकडे नव्हतं. पलंगावरच्या भिंतीवर, सोनेरी चौकटीत, पिवळट पडलेल्या कागदाचं मोठं करून छापलेलं चित्र होतं. पुस्तकाच्या परिशिष्टात नमुना म्हणून दिलेला, हातानं भरलेला मराठी फॉर्म. तिच्या हातानं.

"ताई, ही नको. तिकडे चल, तिकडे जास्त उंच खुर्च्या आहेत." "थांब गं, पाय बोलायला लागलेत माझे." "ताई, अगं इथे लहान मुलांचं आहे सगळं." "मग काय झालं? लहान मुलं चावतात का?" आणि ताई पट्टी ओलांडून आत गेली, हाताच्या खुर्चीवर बसली, पाय लांब केले, सुस्कारा सोडला. चष्मा कपाळावर होता. तो तिथेच राहू दे, छोटी मनात म्हणत होती, राहू दे, राहू दे, परीक्षेचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी देवाला सांगावं तसं. तिला ती एकतीस वर्षांपूर्वीची दुपार अशी आठवली की तिच्या बोटांत पेन आल्यासारखं झालं. ताई किती खूश झाली होती तेव्हा! छोटी राहायला आली, न कळवता, आख्खा दिवस! सासूबाई पलीकडे घोरत होत्या आणि ताई स्वयंपाकघरातून दर पाच मिनिटांनी डोकावत होती. "काय गं लिहितेस सारखं?" "अभ्यास." "लिही बाई, लिही. आमच्या घरात लिहिण्यासारखं काय आहे कोण जाणे." तिनं भांडी लिहिली, चादरी लिहिल्या, छत्र्या लिहिल्या. मग त्या लहान खोलीत गेली. त्या खोलीत त्याच्या आठ वर्षं आधी एक पाळणा होता, तिनं स्वतः तो हलवला होता, सहाव्या दिवशी, एका हातानं, दुसऱ्या हातात परीक्षेचं पुस्तक धरून. नवव्या दिवशी पाळणा थांबला. हे सगळं तिला ठाऊक होतं आणि ती कपाटासमोर उभी राहून खोकी मोजत होती. टेबललॅम्प, इस्त्री, सहा कपांचा संच, केस वाळवायचं यंत्र, घड्याळ, आणि तो मुलांचा दिवा. दिवा सोडून बाकी दहांवरची नावं तिनं पुढे प्रकरणात घेतली नाहीत. ती प्रकरणात बसत नव्हती.

ताईनं चष्मा खाली ओढला. वाचायला नाही, खुर्चीच्या हातावरचा डाग बघायला. मग सहज मान वर केली. भिंतीवरच्या चौकटीकडे बघत ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हे अक्षर कुणाचं गं?" "कुठलं?" "हे. भिंतीवरचं." "असेल कुणाचंतरी. असे फॉर्म सगळे सारखेच असतात, ताई." तोंडातून निघाल्यावर तिला कळलं की आपण काय केलं. सगळं आयुष्य माणसं कुठे खोटं बोलतात ते शोधण्यात गेलं होतं आणि तिचं स्वतःचं खोटं चार वर्षांच्या मुलीसारखं होतं, तोंडाला साखर तशीच. "फॉर्म असतील सारखे," ताई म्हणाली. "अक्षर नाही. हा सात मी शिकवलाय. पाटीवर तुझं बोट धरून. पोटाला गाठ मारलेला सात, सगळ्या घरात आपल्या दोघींचाच होता." विक्रेती मुलगी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. ताई उठली, कुणाचा हात न धरता, आणि पलंगाला गुडघे टेकवून जवळून वाचायला लागली, एकेक ओळ, ओठ हलवत. "घर क्रमांक सतरा. बाईचं वय छत्तीस. माणसं तीन. खोकी अकरा." 

"ताई, मी तुला सांगणार होते." "केव्हा?" "एक घर कमी पडत होतं. नाव कुठेही नाही तुझं. कुणालाही कळणार नाही. अगं, ते प्रकरण लोकांना फार आवडतं, मुलं अजून विचारतात तुझ्याबद्दल." हे ती काय बोलत होती? ताई वळली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, तिच्या रागाचे सगळे रस्ते छोटीला पाठ होते. "काय लिहिलंस माझ्याबद्दल?" "की... की तू ते सगळं बाळासाठी घेत होतीस. न आलेल्या." ताईनं कपाटाकडे पाहिलं, त्या रंगीत खोक्यांकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी येऊन गेलं. "इस्त्री? बाळासाठी? अगं वेडे, मासिकात कुपन यायचं, ते भरून पाठवलं की पंधरा दिवसांनी पोस्टमन यायचा. दारात उभा राहून माझं नाव घ्यायचा. पूर्ण नाव, मोठ्यांदा, आळीला ऐकू जाईल असं. त्या घरात मी सूनबाई, वहिनी, अगं ए. नाव घेणारा तो एकच. सही केली की माझं काम झालं. आतल्या वस्तूचं मी काय करणार होते?" ती थोडं थांबली. "तू विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं. तुझ्यापासून मी काय लपवलं होतं?"

तीस वर्षं. जिन्याची एकेक पायरी पायाखालून काढून घेतल्यासारखी. पण गंमत अशी, की त्याक्षणी तिला पुस्तकाचं काहीच वाटलं नाही. गैरहजर ग्राहक कुठल्या कुठे गेला, त्याला जाऊ दे. तिला वाटलं, सुटले. एवढंच होतं? ताईला राग नाही, ती हसली, आता आपण खुर्ची घेऊ, घरी जाऊ, हसत हसत सांगू एकमेकींना. "ताई, खरंच चुकलं माझं. ती खोकी—" "त्या खोक्यांचं जाऊ दे," ताई म्हणाली, आणि चौकटीवर बोट ठेवलं. काचेवर तिच्या बोटाचा ठसा उमटला. "इथे शून्य का लिहिलंस?"

मुले: शून्य.

"तो रकाना... ताई, तो रकाना सध्या घरात असलेल्या माणसांचा होता." "असं. मग ह्यांना बरं धरलंस तिघांत? ते तर फिरतीवर. महिन्याचे वीस दिवस घरात नसायचे. तू आलीस तेव्हाही नव्हते. त्यांना मोजलंस."  तिला तो क्षण लख्ख आठवत होता, ते शून्य काढताना पेन किती गोल फिरलं होतं ते. आपण शास्त्रज्ञ झालो असं वाटलं होतं तेव्हा, भावनेला बाजूला सारलं म्हणून स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता. "नऊ दिवस का होईना," ताई म्हणाली, "एक होतं ना गं? तू तर मांडीवर घेतलं होतंस." छोटीनं मान हलवली. मांडी जड झाली. नऊ दिवसांचं वजन किती असतं हे कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हतं आणि तिला ते आत्ता, गुडघ्यांपाशी, नेमकं कळत होतं. ताईच्या मागोमाग आत आलेली ती नकळत पट्टीच्या बाहेर, मागे सरकली.

तेवढ्यात एक जोडपं आलं. नवीनच असावं, हातात मोजपट्टी, एक टोक त्याच्याकडे, एक तिच्याकडे, आणि दोघं पट्टीशी येऊन थबकली, कारण खोलीत एक म्हातारी बाई उभी होती. "सॉरी, आम्ही नंतर येतो," तो म्हणाला. विक्रेती मुलगी गडबडीनं पुढे झाली, "मावशी, जरा बाहेर येता का? ह्यांना खोली बघायचीय." "बघू दे की," ताई म्हणाली. तिनं पदर नीट केला, पलंगावरची उशी उचलून थोपटली, स्टूल पुढे ओढलं. "या, आत या. संकोच कसला करता? खोली माझीच आहे. विचारा हिला, लेखी आहे हिच्याकडे." जोडप्यातली मुलगी हसली आणि आत आली, तिच्यामागून मोजपट्टी, मोजपट्टीमागून तो. "बसा ना. उभ्यानं घर कळतं का कुणाला?" तो पलंगाच्या कडेवर बसला, ती स्टुलावर. "आणि तू गं, दिवसभर उभी असतेस, तूपण टेक." पिवळं जाकीटसुद्धा पलंगाच्या दुसऱ्या कडेवर टेकलं, इकडेतिकडे बघत, साहेब नाही ना याची खात्री करून. "नाव काय तुझं?" मुलीनं सांगितलं. ताईनं ते दोनदा म्हणून पाहिलं, सावकाश, चव घेतल्यासारखं. "छान आहे. कुणी बदलायला सांगितलं तर बदलू नकोस."

"आणि ह्या?" जोडप्यातल्या मुलीनं पट्टीबाहेर बोट दाखवलं. "ती? माझी धाकटी बहीण. फार हुशार, मोठी पुस्तकं लिहिलीत तिनं. ती सगळं टिपून घेते हं. तिच्यासमोर जपून बोला." सगळे हसले. तीही हसली, हसणं भागच होतं. "मॅडम, या ना आत," पिवळं जाकीट म्हणालं, आणि लगेच ताईकडे पाहिलं, घरच्या बाईकडे बघावं तसं. ताई पुन्हा हाताच्या खुर्चीवर बसून पडद्याबद्दल बोलत होती. सकाळचं ऊन या खिडकीतून कसं येतं, म्हणजे आलं असतं, आणि बाळाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून पडदा कुठवर ओढायचा, ती हातानं दाखवत होती आणि ती दोघं मान डोलावत होती, मोजपट्टी मांडीवर विसरून. आत एक खुर्ची रिकामी होती. छोटीच्या चपलेचं टोक पांढऱ्या पट्टीला लागलं होतं. एक पाऊल, दुसरं काही नाही, आणि ती कितीतरी घरांत अशी न विचारता शिरली होती, हातात कागद घेऊन, बसा म्हणायच्या आत बसली होती. आता हात रिकामे होते. ते कुठे ठेवायचे हे तिला कळेना, आणि ताई बोलत राहिली, आणि ती तिथेच उभी राहिली, ताईनं एकदा तरी आपल्याकडे बघून 'बस' म्हणावं म्हणून.